श्वानाचा खुबा : प्रस्तावना

श्वानविषयक मराठी ग्रंथाच्या प्रस्तावनेत प्रथम युधिष्ठिराच्या मागोमाग हिमालय चढणाऱ्या श्वानाचे आणि मग दत्तात्रेयांच्या चरणांशी बसलेल्या चौघांचे स्मरण करावे, असा परिपाठच पडून गेला आहे. तो मी येथे पाळत नाही. कारण प्रस्तुत पुस्तकाचा विषय श्वानाचे इमान हा नसून श्वानाचा खुबा हा आहे, आणि इमानाचे गोडवे रात्रंदिवस जेथे गायिले जातात त्या घरांतूनही खुब्याकडे वर्षानुवर्षे कोणाचे लक्ष जात नाही, ही या पुस्तकामागची मूळ तक्रार आहे. वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर या वसाहतींतून संध्याकाळी फिरावयास निघालेल्या लॅब्राडॉर, जर्मन शेफर्ड, गोल्डन रिट्रीव्हर, रॉटवायलर इत्यादी मंडळींच्या चालीकडे जो कोणी मागून बारकाईने पाहील, त्याला असे आढळेल की, त्यांतील काही जनावरे धावताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलून सशासारखी उडी घेतात, काहींची कंबर पावलागणिक दोन्ही बाजूंस झुलते, आणि काही जण बसल्या जागेवरून उठताना सारा भार पुढच्या पायांवर घेऊन मागचा भाग कसाबसा ओढून वर आणतात. मालक यांतील पहिल्या प्रकाराला मस्ती म्हणतात, दुसऱ्याला ऐट आणि तिसऱ्याला आळस. पशुवैद्यकाला मात्र या तिन्हींमध्ये हिप डिस्प्लेसिया या एकाच विकाराचा संशय येतो.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कमरेच्या हाडातील वाटीत बसतो आणि एक आखूड अस्थिबंध, सांध्याभोवतीचे वेष्टन व कमरेचे स्नायू त्याला जागेवर धरून ठेवतात. ज्या पिलाला पुढे हा विकार जडावयाचा असतो त्याचाही खुबा जन्मतः बहुधा निर्दोषच असतो, ही गोष्ट नवख्या वाचकाने प्रथम ध्यानात घ्यावी. विकार घेऊन पिल्लू जन्मास येत नाही, विकाराची प्रवृत्ती घेऊन येते. पहिल्या काही आठवड्यांत, हाडे अजून कोवळी, बरीचशी कूर्चेचीच असताना आणि अंगाचे वजन मात्र झपाट्याने वाढत असताना, सांधा जर सैल राहिला तर माथा वाटीतून किंचित बाहेर सरकू लागतो, वाटीच्या काठावर नको त्या जागी दाब पडतो, काठ झिजतो, वाटी उथळ होते, माथा चपटा होतो आणि सांधा सावरण्याच्या शरीराच्या धडपडीतून कडेला नवे हाड वाढू लागते. या क्रमाची अखेर सांध्याच्या जुनाट झिजेत होते. सैलपणा हे मूळ आणि झीज हे फळ, एवढे सूत्र ज्याच्या मनात पक्के बसले त्याला या शास्त्रातील पुढले बहुतेक वाद समजण्यास अडचण पडू नये.

विकाराच्या प्रवासात एक फसवी विश्रांती असते, आणि अनेक घरे तेथेच चकतात. पाच-सहा महिन्यांपासून वर्षाच्या आतबाहेर पिल्लू लंगडते, जिना चढण्यास कुरकुरते, खेळता खेळता मध्येच बसते. ही सैल सांध्याची वेदना. पुढे सांध्याभोवतालचे वेष्टन जाड होते, सांधा थोडा आवळला जातो आणि लंगडणे कमी होते किंवा दिसेनासे होते, तेव्हा घरातील मंडळी वाढीचे दुखणे होते ते गेले असे म्हणून निश्चिंत होतात. वास्तविक या काळात झीज चालूच असते, आणि सहा-सात वर्षांनी, कधी त्याहूनही लवकर, ती संधिवाताच्या रूपाने उघड होते. यावर आणखी एक गुंतागुंत अशी की, क्ष-किरण चित्रात ज्याचा सांधा अगदी उद्ध्वस्त दिसतो तो कुत्रा कधी कधी निवांत धावत असतो, आणि ज्याच्या चित्रात फारसे काही दिसत नाही तो वेदनेने विव्हळत असतो. म्हणून केवळ चित्र पाहून उपचार ठरविणारा वैद्य आणि केवळ चाल पाहून निर्धास्त राहणारा मालक, हे दोघेही अर्धवट माहितीवर निर्णय घेतात.

कुत्र्यांतील या विकाराची पहिली ठळक नोंद १९३५ मध्ये अमेरिकेत जेरी श्नेल या पशुवैद्यकाने केली, तेव्हा तो एक दुर्मीळ, जवळजवळ कुतूहलापुरता प्रकार मानला गेला होता. क्ष-किरणांचा उपयोग पशुचिकित्सेत जसजसा वाढत गेला तसतशी ही दुर्मीळता ओसरत गेली. रोग वाढला की पाहणारे वाढले, याचा निवाडा करणे कठीण असले तरी दुसरी गोष्ट निश्चित घडली. स्वीडनमध्ये सैन्यासाठी पाळल्या जाणाऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांच्या निमित्ताने या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास झाला, आणि १९६६ मध्ये हेन्रिकसन, नॉर्बर्ग व ओल्सन या स्वीडिश अभ्यासकांनी बाल्यावस्थेतील सांध्याचे शैथिल्य हेच विकाराचे बीज होय, अशी व्याख्या मांडली. त्याच वर्षी अमेरिकेत जॉन ऑलिन यांच्या पुढाकाराने ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर ॲनिमल्स ही संस्था स्थापन झाली आणि कुत्र्यांच्या खुब्यांचे एक मध्यवर्ती दप्तर उघडले गेले. चोवीस महिने पूर्ण झालेल्या कुत्र्याला भूल वा गुंगी देऊन, उताणे निजवून, मागचे पाय सरळ ताणून घेतलेले चित्र तज्ज्ञांकडे पाठवावे, आणि त्यांनी उत्कृष्ट ते गंभीर अशा सात प्रतींपैकी एक प्रत त्याला द्यावी, अशी ही व्यवस्था. ब्रिटनमध्ये प्रत्येक खुब्याला शून्य ते त्रेपन्न गुण देण्याची रीत पडली, व तेथे जितके गुण अधिक तितका खुबा वाईट. युरोपातील बहुतेक देशांनी ए ते ई अशी श्रेणी स्वीकारली. पद्धती भिन्न, परंतु आशय एकच: ज्याचा खुबा वाईट त्याची वीण घेऊ नये.

या पंथाला पहिले गंभीर आव्हान पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील गेल स्मिथ यांनी दिले. त्यांचा आक्षेप असा की, पाय सरळ ताणले असता सांध्याचे वेष्टन पिळले जाते आणि माथा वाटीत आपोआप आत ढकलला जातो, म्हणजे जो सैलपणा शोधावयाचा तोच या आसनात झाकला जातो. त्यांनी माथा बाहेरच्या दिशेने नेमक्या बळाने सरकवून तो किती सरकतो हे मोजण्याची पद्धत बसविली. या मापाचा आकडा शून्य ते एक यांच्या दरम्यान येतो, तो ०.३ किंवा त्याहून कमी असेल तर पुढे झीज होण्याचा संभव अल्प, आणि हे माप सोळाव्या आठवड्यापासूनच घेता येते. जुन्या पंथाचे उत्तर असे की, आमची पद्धत स्वस्त आहे, सर्वत्र उपलब्ध आहे आणि आमच्याकडे अर्धशतकाचे दप्तर आहे. दोन्ही बाजूंचे म्हणणे वाचल्यावर मला स्वतःला स्मिथ यांचा आक्षेप सयुक्तिक वाटतो. जुन्या दप्तरांत आणखी एक दोष असा की, तेथे चित्रे मालकाच्या मर्जीने येतात. वाईट दिसलेले चित्र कपाटातच राहते आणि जातीचा लौकिक आहे त्याहून उजळ दिसतो. तथापि, ज्या देशात कोणतेच दप्तर नाही तेथे दोन दप्तरांपैकी सरस कोणते, या वादात वेळ घालवणे ही चैन आहे, हे या पुस्तकाच्या लेखकांचे मतही मला मान्य आहे. न्यू जर्सीतील सीइंग आय या अंधांना मार्गदर्शक कुत्रे देणाऱ्या संस्थेने केवळ चिकाटीने नोंदी ठेवून व त्यांनुसार वीण निवडून पाच पिढ्यांच्या आत आपल्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांतील विकाराचे प्रमाण ५५ टक्क्यांवरून २४ टक्क्यांवर आणि लॅब्राडॉरमधील प्रमाण ३० वरून १० टक्क्यांवर आणले, असे १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यामागे कोणतेही नवे औषध नव्हते. वहीत आधीच्या पिढीचा खुबा लिहिलेला होता आणि जोडी लावण्यापूर्वी कोणीतरी ती वही उघडून पाहत होते.

इथवरचा पंथ कुळ निवडण्याचा; दुसरा पंथ संगोपनाचा. कुळ निवडणे पाळणाऱ्याच्या हाती एकदाच असते, परंतु ताटली दररोज असते. म्हणून सामान्य वाचकास या पंथाचे म्हणणे अधिक उपयोगी पडेल. सेंट लुईसजवळ लॅब्राडॉरच्या अठ्ठेचाळीस पिलांच्या चोवीस जोड्या करून, जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पंचवीस टक्के कमी अन्न देऊन त्यांची हयात संपेपर्यंत नोंद ठेवली गेली. पाच वर्षांच्या वयात पोटभर खाणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्यांच्या खुब्यात झीज आढळली, बेताने खाणाऱ्यांत ती सुमारे आठातील एकाच्या. आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंतिम वृत्तान्तानुसार बेताने खाणाऱ्यांचे मध्यम आयुर्मान १३ वर्षे, तर इतरांचे ११.२ वर्षे भरले. आई-बाप तेच, वीण तीच, फरक ताटलीचा. नॉर्वेतील संशोधकांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली: तीन महिन्यांच्या आत जी पिले जिने चढली-उतरली त्यांना धोका अधिक, आणि जी मऊ, उंचसखल जमिनीवर मोकळी हिंडली त्यांना कमी. आपल्याकडील घरांत यावर एक स्वदेशी भर पडते, ती कॅल्शियमच्या औषधाची. पिल्लू मोठ्या जातीचे, तेव्हा हाडे मजबूत व्हावीत म्हणून शेजारी, दुकानदार आणि कधी कधी वैद्यही सकाळ-संध्याकाळ चमचाभर पातळ कॅल्शियम देण्यास सांगतात. कोवळ्या पिलाच्या आतड्याला जादा कॅल्शियम अडविण्याची शक्ती नसते. त्याचा मोठा भाग शोषला जातो आणि हाडांच्या वाढीचा ताल बिघडतो, हे उट्रेख्ट येथील ग्रेट डेन पिलांवरील प्रयोगांनी फार पूर्वी दाखविले आहे. समतोल तयार खाद्य खाणाऱ्या पिलाला वर हे औषध देणे म्हणजे प्रेमाने केलेला अपाय होय. या पुस्तकातील आहारविषयक विवेचन वाचून एका घरातील जरी ती बाटली कपाटात गेली तरी छपाईचा खर्च वसूल झाला, असे मी समजेन.

आता आपल्या प्रांताकडे वळू. मुंबई इलाख्यातील पशुचिकित्सेचा पाया परळला घातला गेला: १८८३ मध्ये बाई साकरबाई दिनशा पेटिट पशुरुग्णालय आणि १८८६ मध्ये त्याच्या आश्रयाने पशुवैद्यक महाविद्यालय. त्या काळचे रुग्ण मुख्यतः बैल व घोडे. शेतीचा, वाहतुकीचा आणि फौजेचा गाडा ज्यांच्या पायांवर चालत होता त्यांचे पाय आधी पाहणे स्वाभाविकच होते. कुत्र्याच्या खुब्याला पाळी फार उशिरा आली. दक्षिण महाराष्ट्र व कर्नाटकाच्या सीमेवरील कारवानी किंवा मुधोळच्या शिकारी कुत्र्यांना हा प्रश्न कधी फारसा भेडसावला असेल असे वाटत नाही. सडपातळ, लांब पायांची, नजरेने शिकार करणारी कुळे जगभर या बाबतीत सुदैवी आहेत, आणि ग्रेहाऊंडमध्ये तर हा विकार क्वचितच आढळतो. प्रश्न आला तो वजनदार विलायती जातींबरोबर, आणि तो वाढला शहरी मध्यमवर्गाच्या हौसेबरोबर. केवळ वजनदार जातीच त्यात सापडतात असेही नव्हे. २००३ च्या सुमारास एका मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत मुलाच्या मागे धावणारा पग घरोघरी पोहोचला आणि त्या जातीला अशी काही मागणी आली की, अमेरिकेच्या दप्तरात खुब्याच्या बाबतीत पग आणि बुलडॉग यांचे स्थान अगदी तळाशी आहे, हे विचारण्यास कोणाला सवड राहिली नाही.

महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्टने लहान प्राण्यांसाठी जे मोठे रुग्णालय सुरू केले, त्याची हकीकत या विषयाच्या अगदी जवळची आहे. रतन टाटा यांनी मुलाखतीत सांगितले होते की, आपल्या एका कुत्र्याचा सांधा बदलण्यासाठी त्याला अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात न्यावे लागले, परंतु तोवर उशीर झाला होता आणि तेथील डॉक्टरांना सांधा एका स्थितीत कायमचा बसवून टाकावा लागला. ज्याला विमानाने सात समुद्र ओलांडणे अशक्य नव्हते त्यालाही वेळ गाठता आली नाही, यावरून या विकारात कालाचे महत्त्व काय ते कळावे. या रुग्णालयासाठी २०१७ मध्ये राज्य सरकारशी करार झाला तो नवी मुंबईतील कळंबोलीच्या जागेसाठी. आजारी जनावर घेऊन तेथवर येणे मुंबईकरांना दुष्कर होईल म्हणून पुढे जागा बदलली गेली. निर्णय मुंबईच्या दृष्टीने योग्यच असेल. पण खाडीच्या या बाजूस राहणाऱ्याला थोडी रुखरुख वाटल्यास ती क्षम्य मानावी.

नवी मुंबईचा विशेष उल्लेख मी केवळ स्थानिक अभिमानाने करीत नाही. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने जे शहर वसविले त्याच्या जुन्या वसाहतींत तीन-चार मजली, लिफ्ट नसलेल्या इमारती पुष्कळ आहेत, आणि नव्या मनोऱ्यांत लिफ्ट आहे तर दिवाणखान्यात आरशासारखी गुळगुळीत फरशी आहे. म्हणजे पिलाच्या खुब्याला एका घरात जिना नडतो आणि दुसऱ्या घरात फरशी. सव्वातीन महिन्यांचे लॅब्राडॉरचे पिल्लू बेल वाजताच दाराकडे झेपावते तेव्हा त्याच्या मागच्या पायांचे काय होते ते एकदा जमिनीलगत डोळे नेऊन पाहावे: पंजे पकड शोधतात, पकड मिळत नाही, दोन्ही मांड्या बाहेरच्या बाजूस फाकतात, आणि सैल सांध्यावर ताण पडतो. वाशीतील एका दवाखान्यात याच वयाच्या पिलाला गुंगी देऊन वैद्यांनी त्याचा गुडघा हाती धरला, वर दाबला आणि मांडी हळूच बाहेर नेली, तेव्हा माथा वाटीत परत बसताना जो ‘खट्’ असा धक्का उमटला तो त्यांनी माझी बोटे ठेवून मला जाणवून दिला. ही परीक्षा मुळात मानवी अर्भकांसाठी मारिनो ऑर्तोलानी या इटालियन बालवैद्याने रूढ केली. पिलांच्या बाबतीत तिला ना यंत्र लागते ना फारसा खर्च. घरात ठिकठिकाणी काथ्याच्या किंवा रबरी पायपुसण्यांची वाट अंथरणे, पंजांखालचे वाढलेले केस कापणे, लहान वयात जिन्यावर पिल्लू उचलून नेणे आणि पेव्हर ब्लॉकच्या पदपथापेक्षा मातीचे मैदान पसंत करणे, या गोष्टींनाही खर्च जवळजवळ नाही. काही गृहनिर्माण संस्था कुत्र्याला लिफ्टमध्ये मज्जाव करतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत असा मज्जाव करता येत नाही असे स्पष्ट केले आहे. दुखऱ्या खुब्याच्या तीस किलोच्या जनावराला चार जिने चढावयास लावणे हा नियमाचा नव्हे, माणुसकीचा प्रश्न आहे, असे एखाद्या सर्वसाधारण सभेत कोणीतरी म्हणावयास हवे.

उपचारांविषयी थोडक्यात. अगदी लहान वयात, साधारण पाच महिन्यांच्या आत, कमरेच्या हाडाची एक जोडरेषा मुद्दाम लवकर सांधवून वाटीला माथ्यावर अधिक झुकविण्याची छोटी शस्त्रक्रिया आहे. त्यानंतर, झीज सुरू होण्यापूर्वीच्या काळात, कमरेचे हाड कापून वाटी फिरविण्याची मोठी शस्त्रक्रिया आहे. आणि झीज झाल्यावर एकतर माथा काढून टाकून स्नायूंच्या आधारावर खोटा सांधा तयार होऊ द्यावयाचा, किंवा १९७० च्या दशकापासून अमेरिकेत प्रचारात आलेल्या पद्धतीने संपूर्ण खुबाच बदलावयाचा. पहिल्या दोन शस्त्रक्रियांची वेळ बहुतेक घरांत विकाराचे नाव कळण्यापूर्वीच निघून गेलेली असते. परंतु बहुसंख्य कुत्र्यांना सुरीची गरज पडत नाही, हेही तितकेच खरे. वजन उतरविणे, मोजका पण रोजचा व्यायाम, पोहणे, आणि वैद्याच्या देखरेखीखाली वेदनाशामक औषध, एवढ्यावर कित्येक जनावरे सुखाने म्हातारी होतात. येथे एक इशारा देणे प्राप्त आहे. घरातील माणसांच्या डब्यातील आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी कुत्र्याला देऊ नये. पोटात व्रण होऊन व मूत्रपिंडे निकामी होऊन जनावर दगावू शकते. डायक्लोफिनॅक तर जनावरांच्या वापरासाठी २००६ मध्ये भारत सरकारने बंदच केले, तेही गुरांच्या शवांतून ते पोटात गेल्याने गिधाडांचा जो संहार झाला त्यामुळे.

मूळ प्रश्न मात्र पुन्हा दप्तराशीच येऊन ठेपतो. श्वान प्रजनन व विक्रीसंबंधी २०१७ च्या नियमांनुसार उत्पादकाने नोंदणी करावी, आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये, मादीची वीण अठरा महिन्यांच्या आत व आठ वर्षांनंतर घेऊ नये, अशी तरतूद आहे. ती पाळली गेली तरी पुष्कळ झाले. परंतु ग्राहक ज्या कागदाला भुलतो तो वंशावळीचा कागद कुळाची शुद्धता सांगतो. खुब्याचा दाखला हा निराळा दस्तऐवज असतो आणि तो मागणारा ग्राहक विरळा. पिलाचा रंग, डोक्याचा आकार, आजोबांची पदके यांची चौकशी तासभर करणारा माणूस, आई-बापांच्या खुब्याची चित्रे दाखवा, एवढे एक वाक्य उच्चारत नाही, म्हणून विकणाराही ती काढून ठेवण्याच्या भानगडीत पडत नाही. सैलपणाची प्रवृत्ती अनेक जनुकांतून मिळून येते, त्यामुळे निर्दोष आई-बापांचे पिल्लूही कधी सदोष निघते. तरीही ज्यांच्या आई-बापांची, भावंडांची, काका-आत्यांची नोंद आहे अशा पिलाचा अंदाज नोंद नसलेल्या पिलापेक्षा कितीतरी विश्वसनीय असतो.

प्रस्तुत पुस्तक लिहिणाऱ्या दोघांपैकी एक पशुवैद्यक आणि एक दीर्घकाळचे श्वानपालक आहेत, आणि हा जोड पानोपानी जाणवतो. जेथे पहिले माप सांगतात तेथे दुसरे ते घरात कसे जमेल हे सांगतात. पशुवैद्यक होऊ पाहणाऱ्यांचे हे पाठ्यपुस्तक नव्हे. लेखकांनी औषधांची प्रमाणे हेतुतः दिलेली नाहीत, कारण छापील प्रमाण पाहून दुकानातून गोळी आणण्याचा मोह अनावर असतो; शस्त्रक्रियांचे वर्णन आहे ते निर्णय घेण्यापुरते. जेथे अभ्यासकांत मतभेद आहेत, उदाहरणार्थ मोठ्या जातींची नसबंदी वर्षाच्या आत करावी की थांबावे, तेथे दोन्ही बाजू मांडून लेखकांनी आपला कल स्पष्ट सांगितला आहे, आणि तो रस्त्यावरील कुत्र्यांच्या नसबंदी मोहिमेला लागू नाही हेही आवर्जून बजावले आहे. माझा त्यांच्याशी एक मतभेद असा की, सांध्यासाठी विकल्या जाणाऱ्या पूरक भुकट्यांना त्यांनी दिली आहे त्याहून कमी जागा पुरली असती.

पुस्तकाच्या अखेरीस एक रिकामे नोंदपत्रक जोडले आहे. त्यात पिलाच्या आई-बापांच्या खुब्याचा निष्कर्ष, दर पंधरवड्याचे वजन, पहिल्या परीक्षेची तारीख, क्ष-किरण चित्र कोणत्या वयात व कोणत्या पद्धतीने घेतले, आणि लंगडणे दिसले असल्यास केव्हा, अशी घरे आखलेली आहेत. वाचकाने ते भरावे, त्याच कुत्र्याची वीण घ्यावयाची झाल्यास जोडीदाराच्या मालकासमोर ते ठेवावे, आणि पिल्लू दुसऱ्या घरी देताना त्याची एक प्रत पिलाबरोबर धाडावी.